चॉकलेट पुडिंग कशानं घट्ट करायचं? म्हशीचं दूध समोर ठेवून केलेली तुलना

घरी दाट चॉकलेट पुडिंग करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी चॉकलेट शोधायला लागतात. खरा निर्णय त्याच्याही आधीचा आहे: दूध घट्ट कशानं करायचं? कॉर्नफ्लोअरनं, अंड्याच्या पिवळ्या बलकानं, की चायना ग्रासनं? चॉकलेट तेच, साखर तीच, तरी वाटीत तीन वेगळे पदार्थ येतात. एक चमच्यावरून सावकाश ओघळतो, दुसरा जिभेवर विरघळतो, तिसरा दातांखाली तुटतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. कोल्हापुरात, इथल्या म्हशीच्या दुधावर, जिवाला बरं वाटावं म्हणून पुडिंग करायचं असेल तर कॉर्नफ्लोअर घ्या. त्यामागचं कारण आणि बाकीचे दोन कधी निवडावेत, हे दोन्ही सांगते.

आधी दुधाचं बघू

फोनवर ज्या कृती सापडतात त्यांतल्या बऱ्याचशा युरोप-अमेरिकेतल्या असतात. तिथलं दूध गाईचं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास फॅटचं. ते हलकं पडतं म्हणून कृतीत वरून क्रीम येतं, तीन-चार बलक येतात, शेवटी लोणीही येतं. आपल्याकडे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून ग्लास हातात देतात. पिशवीचं घेतलं, गोकुळचं किंवा वारणेचं, तरी फुल क्रीम दुधात नियमानुसार किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असावे लागतात. टोन्ड दुधात हेच आकडे ३ आणि ८.५ आहेत. म्हणजे बाहेरच्या कृतीत क्रीम घालून जे साधतात, त्यातलं बरंचसं आपल्या पातेल्यात आधीच आलेलं असतं.

त्या कृती जशाच्या तशा म्हशीच्या दुधावर केल्या तर पुडिंग जड होतं. पहिला चमचा छान लागतो, चौथ्याला तोंड मिटतं. म्हणून इथे करताना क्रीम आणि लोणी सरळ गाळा. घरात टोन्ड दूधच येत असेल तर मात्र दोन-तीन चमचे क्रीम घालायला हरकत नाही.

म्हशीच्या दुधाची एक खोडही आहे. ते बुडाला लवकर लागतं. पुडिंगमध्ये साखर आणि पीठ पडल्यावर तर जास्तच. जाड बुडाचं पातेलं, मध्यमपेक्षा कमी आच आणि बुडापर्यंत पोचणारा सपाट उलथना, एवढं हवंच. लागलेल्या दुधाचा वास चॉकलेटनं झाकला जात नाही. रतिबाचं सुटं दूध असेल तर आधी उकळून, गार करून साय काढून घ्या. ती पुडिंगमध्ये पडली तर तिचे धागे शेवटपर्यंत तोंडात येतात.

कॉर्नफ्लोअरचं पुडिंग

अर्धा लिटर दुधाला ३ सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर (साधारण २४ ग्रॅम), २ मोठे चमचे कोको पावडर, ५० ग्रॅम साखर, ८० ते १०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि चिमूटभर मीठ. यात चार माणसांचं भागतं. दुकानात ‘मक्याचं पीठ’ मागू नका, भाकरीचं पिवळं पीठ हातात पडेल. आपल्याला पांढरं, बोटांत कुरकुरणारं कॉर्नफ्लोअर हवं. ते नुसतं मक्याचं स्टार्च असतं.

कॉर्नफ्लोअर, कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र चाळून घ्या, अर्धी वाटी गार दूध घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं दूध घाला आणि पातेलं गॅसवर ठेवा. उकळत्या दुधात पीठ घालायला गेलात तर प्रत्येक कण बाहेरून शिजतो, आत कोरडा राहतो, आणि ती गुठळी नंतर कशानंच फुटत नाही.

स्टार्चचे कण ६५ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतात, पण दूध नीट दाट होतं ते ९५ अंशांजवळ, म्हणजे उकळीच्या तोंडाशी. इथेच बरेच जण घाई करतात. मिश्रण जरा जाड दिसलं की गॅस बंद, आणि मग खाताना पिठाची चव. मधोमध जाड बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी एक मिनिट ढवळत शिजू द्या. त्याहून जास्त नको. फार वेळ उकळून जोरजोरात घोटलं की फुगलेले कण फुटतात आणि पुडिंग पुन्हा सैल होतं.

चॉकलेट गॅस बंद केल्यावर घालायचं. कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधलं फॅट, ३४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्याला विस्तवाची गरजच नसते. बारीक तुकडे टाका, मिनिटभर तसंच राहू द्या, मग ढवळा. मिश्रणाला चकाकी आली की झालं. अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी सुरुवातीलाच घातली तर कॉफी वेगळी कळत नाही, चॉकलेट मात्र गडद लागतं.

या पुडिंगचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते कोमट खाता येतं. बाकीच्या दोन प्रकारांना हे नीट जमत नाही. आषाढात दिवसच्या दिवस उघडीप नाही, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालीय आणि जो तो फोनवर ४३ फुटांच्या धोका पातळीचा हिशोब करतोय, अशा संध्याकाळी फ्रीजमधलं गार पुडिंग कुणाला हवं असतं? पातेल्यातून वाटीत, वाटीतून तोंडात, पंधरा-वीस मिनिटांत. त्या वेळी जिवाला हेच लागतं.

तांबड्या रश्श्यानंतरही मी हेच वाढेन. तिखटाची आग ज्या कॅप्सायसिनमुळे होते ते पाण्यात विरघळत नाही, फॅटमध्ये विरघळतं, आणि दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून ओढून नेतं. जेवणानंतर चार चमचे कोमट पुडिंग पोटात गेलं की ओठांची चुरचुर खरोखर उतरते.

दोष सांगायचे तर दोन. वर साय धरते. ज्यांना आवडते त्यांनी ती धरू द्यावी, नको असेल तर गरम असतानाच बटर पेपर पृष्ठभागाला चिकटवून ठेवावा. दुसरं, फ्रीजमध्ये तिसऱ्या दिवशी कडेनं पाणी सुटायला लागतं. दोन दिवसांत संपवायचं, फ्रीझरमध्ये मुळीच ठेवायचं नाही.

बलकाचं पुडिंग

जिभेवरचा मऊपणा एवढाच निकष धरला तर हे पहिलं. बलकातल्या लेसिथिनमुळे चॉकलेटमधलं फॅट आणि दूध एकजीव होतं, आणि रेशमी पोत येतो तो कॉर्नफ्लोअर एकट्यानं देऊ शकत नाही. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाला २ बलक पुरतात. गाईच्या दुधाच्या कृतीत तीन-चार लिहिलेले असले तरी दोनच घ्या, सोबत २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. बाकी प्रमाण वरचंच.

नुसत्या बलकावर करायचं म्हटलं तर थर्मामीटर लागतो. ८० ते ८२ अंशांवर दूध दाट होतं आणि ८५ च्या पुढे गेलं की अंडं फाटून रवाळ होतं. घरच्या गॅसवर तीन-चार अंशांचा हा खेळ नको. कॉर्नफ्लोअर सोबत असलं की बलक उकळीलाही टिकतो. आणि मग उकळी आणावीच लागते. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं, अमायलेज. ते उकळीनं मारलं नाही तर रात्री छान घट्ट दिसलेलं पुडिंग सकाळी पातळ झालेलं सापडतं. त्यामुळे गरम दूध थोडं थोडं बलकावर ओतत, सतत फेटत, मग सगळं परत पातेल्यात आणि बुडबुडे आल्यावर पूर्ण एक मिनिट. शेवटी गाळणीतून गाळा, बलकाचे पांढरे धागे वर राहतात.

याला वेळ जास्त लागतो आणि ते गार खाल्लं तरच शोभतं. कोमट असताना अंड्याचा वास जरा वर येतो. तीन-चार तास फ्रीज, मग वाढायचं. पाहुणे रात्री येणार असतील, काम दुपारीच उरकायचं असेल, तर हे घ्या.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती स्वयंपाकाची नाही. बऱ्याच घरांत श्रावण पाळतात, अंडं घरात येत नाही. म्हणजे धो-धो पावसाच्या ज्या महिन्यात पुडिंगची सगळ्यात जास्त आठवण येते, त्याच महिन्यात हा प्रकार बाद. आखाडात एकदा करून घ्या, नाहीतर गणपतीनंतर बघा. शिवाय उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं हे आधी ठरवा. सकाळच्या ऑम्लेटमध्ये घातलं की प्रश्न मिटतो.

चायना ग्रासचं पुडिंग

चायना ग्रास म्हणजे अगार, समुद्री शैवालापासून काढलेलं. त्यामुळे शाकाहारी लोकांना चालतं. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, तेव्हा पाकीट नीट वाचा. अर्धा लिटर दुधाला ५ ग्रॅम पुरे. अर्धा तास पाण्यात भिजवून, वाटीभर पाण्यात वेगळं उकळून, पूर्ण विरघळल्यावर गाळून गरम दुधात घालायचं. गार दुधात घातलं तर तिथेच दोऱ्या जमतात, कारण अगार ४० अंशांच्या खाली येताच गोठायला लागतो.

याच गुणामुळे ते फ्रीजशिवाय, ओट्यावरच जमतं. पावसात दिवसभर वीज गेली असेल तर तिन्हींत हे एकटंच भरवशाचं. खरवसासारख्या वड्या पाडता येतात, डब्यात देता येतं, मुलांच्या वाढदिवसाला चाळीस वाट्या भरायच्या असल्या तर यासारखं सोपं काही नाही.

मग मी ते मागे का ठेवते? कारण एकदा जमलेला अगार पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात आणि तोंडात ३७ आहेत. तो विरघळत नाही, तुटतो. चॉकलेटचा दाटपणा जिभेवर पसरायला हवा, तो इथे तुकड्यांत राहतो. कोकोही तळाशी बसतो, मिश्रण थोडं दाट होऊ लागल्यावर ओतलं तर त्यातल्या त्यात कमी. आंब्याला किंवा गुलाबाला चायना ग्रास शोभतं, चॉकलेटला मला ते पटत नाही.

पाकिटं आणि कस्टर्ड पावडर

तयार पुडिंग मिक्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही, साखर जास्त आणि कोको कमी. कस्टर्ड पावडरीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण पुष्कळ जण ती बलकाला पर्याय म्हणून घालतात. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं ती काढली, त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. तेव्हापासून तिचा पाया कॉर्नफ्लोअरच आहे, वर रंग आणि व्हॅनिला. चॉकलेट पुडिंगमध्ये तो पिवळा रंग वाया जातो. कॉर्नफ्लोअर आणि दोन थेंब व्हॅनिला इसेन्स घाला, काम तेच.

चॉकलेट आणि गूळ

बेकिंगचं सामान मिळतं तिथे ‘कंपाउंड’ नावाच्या स्वस्त लाद्या असतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. केकवर ओतायला त्या बऱ्या, पुडिंगमध्ये टाळूला मेणचट थर राहतो. २०२४ मध्ये कोकोचे जागतिक भाव विक्रमी चढले, तेव्हापासून घटकांची यादी वाचूनच लादी उचलावी. कोको बटर लिहिलेलं हवं. अमूलची ५५ टक्के कोकोची डार्क चॉकलेट या कामाला पुरेशी आहे. तिच्यात साखर असतेच, म्हणून वर साखर ५० ग्रॅमच धरली आहे. चॉकलेट आणायचंच नसेल तर कोको ४ मोठे चमचे, साखर ८० ग्रॅम आणि शेवटी एक चमचा लोणी. हे हलकं होतं, वाईट मुळीच नाही.

कोल्हापुरात साखरेला पर्याय म्हणून गूळ डोळ्यांसमोर येणारच, आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गुळातल्या आम्लानं आणि क्षारांनी उकळतं दूध नासू शकतं, त्यात साधी कोको पावडरही थोडी आंबटच असते. घालायचा असेल तर बारीक किसून, पुडिंग शिजून गॅस बंद झाल्यावर, अर्धी साखर आणि अर्धा गूळ. नुसत्या कोकोच्या पुडिंगला तो खमंगपणा देतो. डार्क चॉकलेट घातलं असेल तर गूळ नको, दोघांच्या चवी एकमेकींना दाबतात आणि एवढं महागाचं चॉकलेट ओळखूही येत नाही.

कुणी काय निवडावं

आजारातून उठलेलं माणूस, दात नसलेली आजी, परीक्षेहून चेहरा पाडून आलेलं पोर, यांच्यासाठी कॉर्नफ्लोअरचं, कोमट. आजारी माणसाला चॉकलेट निम्मं करून दूध वाढवा. रात्रीचे खास पाहुणे, अंडं खाणारे, घरात फ्रीज आणि हाताशी दुपार: बलकाचं. मोठा घोळका, डबा, वीज नाही: चायना ग्रास. घरात निम्मे अंडं खाणारे आणि निम्मे न खाणारे असतील तर दोन पातेली चढवत बसू नका, सगळ्यांनाच कॉर्नफ्लोअरचं करा. म्हशीच्या दुधावर बलकाची उणीव फार जाणवत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर अर्ध्या लिटरचंच करा. दुप्पट प्रमाणाला ढवळायला हात जास्त लागतो आणि बूड लागण्याची भीतीही तितकीच वाढते.