थंडरस्टोअर आणि आरटूमॉडमॅन : अनेक गेमसाठी एकच मॉड मॅनेजर, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. पीसीवर मित्रांबरोबर खेळायचे युनिटी इंजिनचे गेम तुमच्याकडे असतील, तर मॉडसाठी, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या फाइल्ससाठी, थंडरस्टोअर या साइटइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. स्कायरिम किंवा फॉलआउटवाल्यांनी मात्र नेक्सस मॉड्सवरच राहावं, तिथला साठा इथे नाही. मी हे व्हॅल्हाइम, रिस्क ऑफ रेन २ आणि लीथल कंपनी या तीन गेमसाठी वापरतोय, आणि लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. एका गेमसाठी सुरू झालेली साइट इतक्या गेमपर्यंत पोहोचते तेव्हा खेळणाऱ्याच्या हाताला काय लागतं, हे मला तीन गेम शेजारी शेजारी वापरल्यावरच नीट कळलं.

थंडरस्टोअरची सुरुवात २०१९ मध्ये रिस्क ऑफ रेन २ साठी झाली. पुढे व्हॅल्हाइम, लीथल कंपनी, कंटेंट वॉर्निंग, रेपो अशी भर पडत गेली. हे जमलं ते पॅकेजच्या साध्या नियमामुळे. मॉड म्हणजे एक झिप. तिच्यात २५६ बाय २५६ चा आयकॉन, एक रीडमी (माहितीचं पान), एक मॅनिफेस्ट फाइल आणि मॉडच्या स्वतःच्या फाइल्स. मॅनिफेस्टमध्ये नाव, व्हर्जन, थोडक्यात वर्णन आणि हा मॉड दुसऱ्या कोणत्या मॉडवर अवलंबून आहे त्यांची यादी, तीही नेमक्या व्हर्जनसकट. गेम कोणताही असो, हा साचा बदलत नाही. त्यामुळे लीथल कंपनीचा मॉड टाकताना मला काही नव्याने शिकावं लागलं नाही. व्हॅल्हाइममध्ये जे करत होतो तेच केलं आणि गेम चालू झाला.

मग गेमनुसार बदलतं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे लोडर, गेम सुरू होताना मॉड आत घेणारा प्रोग्राम. युनिटीच्या बहुतेक गेममध्ये तो बेपिनएक्स असतो, पण अनेक गेमना त्याचं वेगळं पॅक लागतं, त्या गेमला जुळणाऱ्या सेटिंग्जसह. दुसरी म्हणजे मॉड उतरवून बसवणाऱ्या मॅनेजर प्रोग्रामला लागणारी माहिती : गेम चालू करणारी एक्झी फाइल कोणती, डेटा फोल्डरचं नाव काय, स्टीम या गेमच्या दुकानातला क्रमांक कोणता, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाते. ही माहिती भरणं हे तसं तासाभराचं काम वाटतं. लोडरचं पॅक सांभाळणं हे मात्र वर्षानुवर्षांचं काम आहे आणि ते कोणीतरी स्वतःच्या वेळात, बिनपगारी करतं. म्हणून नवीन गेमचं पान दिसलं की मी मॉडची संख्या बघत नाही. लोडर पॅक शेवटचं कधी अपडेट झालं ते आधी बघतो. ते थांबलेलं असेल तर बाकीच्या मॉडवर वेळ घालवू नका.

मॅनेजर म्हणून मी आरटूमॉडमॅन वापरतो. ओव्हरवुल्फ या गेमसाठीच्या अ‍ॅपच्या प्लॅटफॉर्मवर चालणारा थंडरस्टोअर मॉड मॅनेजरही आहे, तो यावरूनच बनलाय, पण त्यात जाहिराती असतात. आरटूमॉडमॅन मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवरही चालतो. दोन बटणं महत्त्वाची : मॉडसह सुरू करा आणि मॉडशिवाय सुरू करा. मॉड गेमच्या फोल्डरमध्ये न जाता प्रोफाइलच्या (निवडलेल्या मॉडच्या संचाच्या) वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. गेमच्या फोल्डरमध्ये जातात त्या लोडर जागा करणाऱ्या एक-दोन छोट्या फाइल्स. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर भावाला साधा गेम खेळायचा असेल तर काहीही काढावं-घालावं लागत नाही.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रोफाइलचा कोड. आमच्या ग्रुपमधला एक जण जर्मनीत आहे, बाकीचे पुण्यात आणि नाशिकला. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना मिळून मोजका वेळ मिळतो. व्हॅल्हाइममध्ये बऱ्याच मॉडना सर्वांकडे तेच व्हर्जन हवं असतं, एकाचं जरी वेगळं असलं तर सर्व्हर आत घेत नाही. पूर्वी झिप फाइल्स ड्राइव्हवर टाकायच्या आणि मग फोनवर ‘तुझ्या प्लगिन्स फोल्डरमध्ये काय काय आहे ते वाचून दाखव’ हे सुरू व्हायचं. आता मी प्रोफाइल एक्स्पोर्ट करतो, कोड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, सगळे इम्पोर्ट करतात. मॉड, व्हर्जन, सेटिंग्ज सगळं तसंच्या तसं येतं. लीथल कंपनीत मूळ मर्यादा चौघांची आहे. पाचवा आला की ती वाढवणारा मॉड सगळ्यांकडे हवा, आणि तिथेही हाच कोड कामाला येतो.

स्टीम वर्कशॉप या स्टीमच्याच मॉडच्या भांडाराशी तुलना होणारच. वर्कशॉप २०११ पासून आहे, पण गेम बनवणाऱ्याने दार उघडलं तरच तिथे मॉड येतात. शिवाय तिथे सबस्क्राइब केलेला मॉड आपोआप नव्या व्हर्जनवर जातो. थंडरस्टोअरवर एकदा चढवलेलं व्हर्जन बदलता येत नाही, दुरुस्ती करायची तर नवा क्रमांक द्यावा लागतो, आणि जुनी व्हर्जनं डाउनलोडसाठी तशीच राहतात. अर्धवट खेळलेल्या जगासाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

गेमला मोठं अपडेट आलं की मॉड मोडतात, हे कुठल्याही साइटला चुकलेलं नाही. व्हॅल्हाइमचं मिस्टलँड्स डिसेंबर २०२२ मध्ये आलं, अ‍ॅशलँड्स मे २०२४ मध्ये. रिस्क ऑफ रेन २ चा ऑगस्ट २०२४ मधला विस्तार आला तेव्हा ढिगाने मॉड बंद पडले. प्रश्न आहे तो खेळणाऱ्याला हे कळायचं कसं. मॅनिफेस्टमध्ये मॉडचं व्हर्जन असतं, पण तो गेमच्या कुठल्या व्हर्जनवर चालतो यासाठी रकानाच नाही. लेखक मॉडवर ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नका) असा शिक्का मारू शकतो, पण सोडून गेलेला लेखक शिक्का मारायला परत येत नाही. मग रीडमी वाचा, शेवटची तारीख बघा आणि अंदाज बांधा. कर्सफोर्ज आणि मॉडरिंथ या मॉडच्या साइटवर माइनक्राफ्टच्या प्रत्येक फाइलसमोर गेमचं व्हर्जन लिहिलेलं असतं, त्यामुळे ही उणीव जास्तच जाणवते.

युनिटीच्या बाहेर पाऊल टाकलं की अनुभव एकसारखा राहत नाही. टायटनफॉल २ साठी नॉर्थस्टार या चाहत्यांच्या मॉडिंग प्रकल्पाचे मॉड इथे आहेत, पण त्या गेमचा लोडर वेगळा, नियम वेगळे. युनिटीतही आयएल२सीपीपी (कोड आधी सी++ मध्ये बदलण्याच्या) पद्धतीने बांधलेल्या जीटीएफओसारख्या गेमला बेपिनएक्सची वेगळी शाखा लागते. एका गेममधलं ज्ञान तिथे अर्धंच चालतं. काही गेमच्या पानांवर लोडर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच मॉड आहेत. अशी पानं उघडण्यापेक्षा आहेत त्या गेमचे लोडर सांभाळणाऱ्यांना बळ द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हे मॉड म्हणजे डीएलएल, तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याच अधिकाराने चालणारा कोड. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर पसरलं होतं, तेही नावाजलेल्या साइटवरून. त्यामुळे ज्याचा सोर्स कोड उघडा आहे आणि ज्याचा लेखक जुना आहे तोच मॉड मी घेतो. बँकेचं काम करता त्या लॅपटॉपवर ही काळजी दुप्पट घ्या.

मराठीत मॉड करू बघणाऱ्यांसाठी एक माहिती. रीडमीत देवनागरी व्यवस्थित दिसते, पॅकेजच्या नावात मात्र फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेष चालते. गेमच्या आतली अडचण मोठी आहे : युनिटीचं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरं नीट मांडत नाही आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते. हे साइटच्या हातात नाही, पण कोणी यावर सर्वांना वापरता येईल अशी लायब्ररी बनवली, तर व्हॅल्हाइमचं मराठीकरण करायला मी पहिला येईन.

साइट चालवणाऱ्यांकडे मागणं एकच आहे. पुढचा गेम जोडण्याआधी मॅनिफेस्टमध्ये ‘गेमचं तपासलेलं व्हर्जन’ हा रकाना आणा, सुरुवातीला ऐच्छिक ठेवा, आणि मॅनेजरमध्ये त्यावरून गाळणी द्या. तोवर गेमचं मोठं अपडेट येणार असेल तर स्टीममध्ये ‘गेम सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडा आणि प्रोफाइलची एक प्रत आदल्या दिवशी एक्स्पोर्ट करून ठेवा.