ड्रॅगनचे पिल्लू: जुन्या नियमांना नवे रूप की नवे नियम?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन फाशांच्या आधारे खेळायचा खेळ खेळवणाऱ्या एका मैत्रिणीपुढे पेच आहे: गटातील एका खेळाडूला माणूस किंवा एल्फ नको, ड्रॅगनचे पिल्लूच व्हायचे आहे. अशी मागणी सरसकट नाकारणे मला पटत नाही. मग दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग म्हणजे ड्रॅगनबॉर्न या माणसासारख्या ड्रॅगनवंशी पात्रांच्या वंशाचे छापील नियम तसेच ठेवून केवळ वर्णन बदलणे. याला तयारी जवळजवळ लागत नाही आणि तोलही ढळत नाही. २०१४ च्या नियमांत या वंशाला प्रगतीच्या पहिल्या पातळीपासूनच सहा बाजूंच्या दोन फाशांइतकी इजा करणारा श्वास मिळतो, त्यामुळे पिल्लाच्या फुत्कारासाठी वेगळे काही रचावे लागत नाही. उणीव एकच, पण मोठी: पंख वर्णनात असतात, उडता मात्र येत नाही.

दुसरा मार्ग नवा वंश स्वतः लिहिण्याचा. येथे मेहनत बरीच आहे आणि धोका उड्डाणात आहे, कारण सुरुवातीपासून मुक्तपणे उडता आले की दरी, तटबंदी आणि तलवारीने लढणारे शत्रू निष्प्रभ होतात, तर बाकीचे खेळाडू खाली ताटकळतात. २०२४ च्या नियमांत ड्रॅगनबॉर्नला पाचव्या पातळीवर, दीर्घ विश्रांतीमागे (म्हणजे पात्राच्या रात्रभराच्या झोपेमागे) एकदाच, १० मिनिटांचे उड्डाण दिले आहे. हेच माप समोर ठेवावे.

एकदोन बैठकांच्या खेळाला किंवा नवख्या संचालकाला पहिला मार्ग योग्य आहे. पिल्लाचे मोठे होणे हाच दीर्घ मोहिमेचा गाभा असेल आणि नियम मध्येच बदलायला सगळा गट राजी असेल, तर दुसरा निवडावा.