साधा एसी की ऑटोमॅटिक? ग्वाल्हेरच्या उन्हातला हिशेब

मे महिन्यात महाराज बाड्यावर तासभर उभी राहिलेली गाडी उघडली की स्टीअरिंगला हात लावता येत नाही. अशा वेळी दोन्ही एसी सारखेच. काचा खाली करून आधी गरम हवा बाहेर काढावीच लागते. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस दोन्हीकडे एकाच तत्त्वावर चालतात. फरक आहे तो लगाम कोणाच्या हाती, याचा.

साध्या एसीतलं निळं-लाल बटण तापमान ठरवत नाही. ते आतली एक झडप हलवून थंड हवेत हीटरची गरम हवा किती मिसळायची, एवढंच ठरवतं. ऊन उतरलं की गारठा वाढतो, मग आईचं सुरू होतं, "अरे, कमी कर रे जरा!"

ऑटोमॅटिकमध्ये २४ लावलं की आतलं, बाहेरचं तापमान आणि ऊन मोजणारे सेन्सर बघून झडप नि पंखा आपोआप हलतात. आकडा १८ केल्याने तापलेली गाडी लवकर गार होत नाही. पंखा तसाही पूर्ण वेगात असतो. डॅशबोर्डवर काचेजवळचा काळा ठिपका म्हणजे उन्हाचा सेन्सर. त्यावर गणपती किंवा रुमाल ठेवू नका, गाडीला सावली वाटते.

गावातल्या गावात फिरणाऱ्याला साधा एसी पुरतो, दुरुस्तीही स्वस्त. पण आई-बाबांना घेऊन भर दुपारी आग्र्याला जायचं असेल, तर मी ऑटोमॅटिकच घेईन.