मेक्सिकन घराणं शोधताना आधी काय उघडायचं, चर्चची वही की सरकारी नोंद?

सुनेचं माहेर मूळचं मेक्सिकोच्या जालिस्को राज्यातलं. नातू झाला तसं तिने घराणं शोधायचं मनावर घेतलं आणि जेमतेम स्पॅनिश येणारी सासू, म्हणजे मी, सोबतीला बसले. फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर अकाउंट फुकट आहे, पण आत गेलं की पहिलाच घोळ, बाप्तिस्म्याच्या वह्या चाळायच्या की सरकारी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे रेजिस्त्रो सिव्हिल?

राष्ट्राध्यक्ष हुआरेसच्या सरकारने या सरकारी नोंदीचा कायदा केला १८५९ मध्ये, आणि मग यादवी, फ्रेंचांची स्वारी या सगळ्यात बऱ्याच गावांत त्याची घडी बसायला १८६७ उलटून गेलं. म्हणजे त्याआधीचं माणूस हवं असेल तर निवडायला काही नाहीच, चर्चच.

नंतरच्या काळासाठी मात्र मी आधी सरकारी नोंदच उघडा म्हणेन, त्यातही लग्नाची. वय, धंदा, राहायचं गाव, आईवडील, साक्षीदार, भरपूर मिळतं. फक्त तारीखसुद्धा अक्षरात लिहिलेली असते, त्यामुळे आकडे शोधत बसू नका. आणि १९२६ ते १९२९, क्रिस्तेरोंच्या, म्हणजे सरकारविरुद्ध उठलेल्या कॅथलिकांच्या लढाईत चर्चमधली उपासना बंद होती, बाप्तिस्मे घरात लपूनछपून व्हायचे, तिथे तर आधी सरकारी वहीच बघा.

पण चर्चच्या वहीची गंमत वेगळी. आठ-दहा ओळींची नोंद, समासात बाळाचं नाव, बऱ्याचदा वस्तीचंही, मग ‘इहो लेहितिमो’ म्हणजे औरस की ‘इहो नातुराल’ म्हणजे लग्नाबाहेरचं, आईबाप, नशीब असेल तर दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि पाद्रिनोस, म्हणजे धर्ममातापिता, हे बऱ्याचदा काका-मावशीच निघतात म्हणून ती नावं आधी लिहून ठेवा. १९०८ नंतरच्या लग्नांचं तर बाप्तिस्म्याच्या समासातच टिपण सापडू शकतं, कुठल्या चर्चमध्ये कधी झालं ते. १८२२ च्या आधी जातही लिहायचे, एस्पान्योल (स्पॅनिश), मेस्तिसो (स्पॅनिश आणि स्थानिक मिश्र), मुलातो (आफ्रिकन मिश्र), इंदियो (तिथले मूळ रहिवासी), काही ठिकाणी वह्याच वेगळ्या. त्यात ‘चिनो’ दिसलं तर लगेच चीन समजू नका, फिलिपिन्सच्या मनिलाहून गलबतांतून आलेल्या कुठल्याही आशियाई माणसाला, अगदी हिंदुस्थानातल्यालाही, चिनो म्हणायचे आणि शिवाय मिश्र वंशाच्या लोकांनाही तोच शब्द होता, त्यामुळे पाद्रीने काय बघून लिहिलं ते त्यालाच ठाऊक.

माझी चूक सांगते. नाव, आईबाप, गाव सगळं जुळलं म्हणून मी एक नोंद पक्की करून टाकली, पुढे दफनाच्या वहीत तेच बाळ दोन महिन्यांत गेलेलं. दोन वर्षांनी झालेल्या भावाला तेच नाव ठेवलं होतं! तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की पुढची तीन-चार वर्षं दफनं बघितल्याशिवाय मी वंशवृक्षात नाव चढवत नाही.

वेळ कमी असेल तर सरकारी लग्नांवरून मागे मागे जात १८६० च्या दशकापर्यंत पोचा आणि तिथून गाव नक्की करून चर्चमध्ये शिरा. गावच माहीत नसताना थेट वह्यांत घुसलात तर गेलात कामातून, कारण सर्चमध्ये सगळ्या नोंदी येत नाहीत, पानं हाताने उलटावी लागतात, आणि काही पानांचे फोटो तर फॅमिलीसर्चच्या सेंटरवर जाऊनच दिसतात.

आम्ही सध्या १८४१ च्या वहीत अडकलोय. मागे अनुक्रमणिका आहे म्हणून खूश झालो तर ती लावलीय पहिल्या नावाने, आणि नुसत्या होसेंचीच चार पानं.