तांदळाच्या डब्यापासून डेरिव्हेटिव्हपर्यंत : मालवणातला गणिताचा एक क्लास

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. आधी ती दुसऱ्या एका मोठ्या क्लासला जायची. तिथे पहिल्याच दिवशी फॉर्म्युल्यांचा कागद हातात दिला. 'एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह टू एक्स' तिने पाठ केलं, पण ते टू एक्स म्हणजे काय, हे विचारलं की डोळ्यांत पाणी. दिवाळीनंतर तिला बंदराकडच्या या घरगुती क्लासला घातलं. मी खाणावळ चालवते, दुपारची जेवणं उरकली की दोन तास मोकळी असते. सर पालकांना मागे बसू देतात, म्हणून मी तीन आठवडे बसले.

सरांनी अकरावीचं पुस्तक उघडलंच नाही. आठवीच्या चलनापासून, म्हणजे समप्रमाण-व्यस्त प्रमाणापासून सुरुवात. फळ्यावर लिहिलं : डब्यात २० किलो तांदूळ, घरात ४ माणसं, रोज अर्धा किलो लागतो. ४० दिवस पुरतो. गणपतीत मुंबईकर आले, माणसं ८ झाली, तर २० दिवस. १६ झाली तर १०. माणसं गुणिले दिवस, दर वेळी १६०. हे व्यस्त प्रमाण. मग त्याच डब्यावर दुसरा प्रश्न : दिवस जातात तसा उरलेला तांदूळ कमी होतो, हेही व्यस्त प्रमाण का? सगळी मुलं हो म्हणाली. मीही मनात हो म्हटलं. सरांनी गुणाकार करायला लावला. १० दिवसांनी १५ किलो उरतो, गुणाकार १५०. २० दिवसांनी १० किलो, गुणाकार २००. म्हणजे एक वाढलं आणि दुसरं घटलं एवढ्याने भागत नाही, गुणाकार तोच राहायला हवा. समप्रमाणात भागाकार तोच राहायला हवा. माझ्या १० ताटांच्या सोलकढीला २ नारळ लागतात, २५ ताटांना ५. आलेख काढला तर शून्यातून निघणारी सरळ रेघ.

तिथून डेरिव्हेटिव्हकडे जाण्याची त्यांची वाट मला फार आवडली. ३० किलोमीटरचा रस्ता. ताशी ३० ने गेलं तर ६० मिनिटं, ४० ने ४५. पंधरा मिनिटं वाचली. आता ६० वरून ७० वर न्या. ३० मिनिटांची साधारण पावणेसव्वीस होतात, वाचली जेमतेम सव्वाचार. वेग दोन्ही वेळा दहानेच वाढवला, फायदा मात्र कुठल्या कुठे. सर म्हणाले, वेग किंचित वाढवला तर वेळ किती बदलतो, त्या जागचा हा दर म्हणजे डेरिव्हेटिव्ह. वेग ताशी एक किलोमीटरने वाढवण्यामागे ३० वर तो उणे २ मिनिटं, ६० वर उणे अर्धा मिनिट. सरळ रेघेवर हा दर सगळीकडे एकच असतो, सोलकढीच्या नारळांसारखा. वक्र रेघेवर प्रत्येक ठिकाणी वेगळा. मोठा मुलगा कुडाळला बाइकवरून जातो. हा हिशोब मी त्याला त्याच रात्री कागदावर काढून दाखवला.

टू एक्सही उलगडलं. ३ चा वर्ग ९, ३.१ चा ९.६१. वाढ ०.६१, तिला ०.१ ने भागलं की ६.१. मग ३.०१ घेऊन ६.०१. पाऊल लहान करत गेलं की उत्तर ६ कडे सरकतं, म्हणजे तीनच्या दुप्पट. मुलांनी हे स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं. मुलगी तिथेच मागे वळून म्हणाली, "आये, माका कळला!"

एका रविवारी सगळ्यांना जेट्टीवर नेलं. खुणा केलेली काठी पाण्यात उभी करून ओहोटी संपल्यापासून दर अर्ध्या तासाने पाण्याची उंची लिहायची. भरतीचे सहा तास धरले तर पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढं चढतं, दुसऱ्यात दोन भाग, मग तीन, तीन, दोन, एक, असा जुना ढोबळ ठोकताळा आहे. मुलांच्या नोंदी अगदी तशाच नव्हत्या, पण मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यांत जोरात चढलं आणि पूर्ण भरतीला काही वेळ जागचं हललं नाही. आलेखाच्या त्या माथ्यावर डेरिव्हेटिव्ह शून्य. माझे सासरे आयुष्यभर होडीवर होते. मुलीने वही दाखवली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) हे आकडे वाढतील, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) कमी होतील, एवढं सांगितलं.

काही गोष्टी खटकल्या. सर हळू बोलतात, मागे नीट ऐकू येत नाही. छापील नोट्स नाहीत. बोर्डाच्या पद्धतीचे प्रश्न फार कमी सोडवून घेतात, त्यासाठी मी वेगळा प्रश्नसंच आणला. सीईटीची घाई असलेल्यांना हा वेग परवडणार नाही. इंग्रजी संज्ञा मात्र ते प्रत्येक वेळी मराठीच्या शेजारी लिहितात, त्याचा मुलीला कॉलेजात उपयोग होतोय.

एका बॅचला बाराच मुलं घेतात, जमिनीवर सतरंजी. पाचापैकी साडेचार देईन. जायचं ठरवलंत तर आठवीचं गणिताचं पुस्तक सोबत न्या, पहिल्या दिवशी तेच मागतात.