बजेट होम स्टुडिओ बरेच महिने वापरल्यावर: बाकी सगळं चालतंय, त्या व्हॉल्यूमच्या नॉबने वैताग आणलाय

स्पेक्स सगळ्यांना माहितीयत, परत टाइप करत बसत नाही. दोन इन दोन आउटचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपला माइक, हेडफोन, स्पीकर जोडणारा डबा), पाच इंची मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओ स्पीकरची जोडी, क्लोज्ड बॅक हेडफोन, पंचवीस कीजचा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणारा) आणि बाकी सगळं लॅपटॉपच्या आत. कमी पैशात इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायचं म्हटलं की थोडंफार इकडेतिकडे करून हाच सेटअप होतो. आज लिहायला बसलोय त्याचं कारण इंटरफेसच्या सर्व्हिस सेंटरचा मेल. "युनिट स्पेसिफिकेशनमध्ये आहे", एवढं एक वाक्य आणि तिकीट बंद. ब्रँड सांगत नाही, कारण हे एकट्या त्या ब्रँडचं दुखणं नाही आणि नाव घेतलं की त्याचे भक्त अंगावर येतात.

तर मुद्दा नॉबचा. इंटरफेसवरचा हेडफोनच्या व्हॉल्यूमचा नॉब. रात्री काम करायचं म्हणजे आवाज कमी ठेवणं आलं, कानांसाठीही तेच बरं, आणि नेमका कमी आवाजावरच हा नॉब उजवी बाजू डावीपेक्षा मोठी वाजवतो. घड्याळाच्या हिशोबाने नऊच्या जागेवर असला की किक (ड्रमचा खालचा ठोका), बेस, व्होकल चॉप (गायनाचे कापलेले तुकडे), जे जे मधोमध वाजायला पाहिजे ते सगळं उजव्या कानाकडे सरकलेलं. बाराच्या पुढे नेला की हळूहळू मधे येतं, पण बारावर माझ्या हेडफोनमध्ये एवढा आवाज होतो की थोड्या वेळात डोकं उठतं.

आधी कानावर शंका, मग हेडफोनवर. तुम्हालाही तपासायचं असेल तर हेडफोन उलटे घाला, डावा कप उजव्या कानावर, आणि एखादा मोनो किक लूप लावा. आवाज अजूनही त्याच कानात जास्त असेल तर गडबड कानात, बाजू बदलली तर हेडफोन किंवा इंटरफेस. माझी बदलली. मग तेच हेडफोन थेट लॅपटॉपच्या जॅकला लावले आणि किक बरोब्बर डोक्याच्या मधोमध! लॅपटॉपसोबत फुकटात आलेला जॅक जे करतो ते वेगळे पैसे मोजून घेतलेल्या "स्टुडिओ ग्रेड" डब्याला जमत नाही, हे पचायला जरा वेळ लागला.

कारण एकदम साधं आहे. नॉबच्या खाली ड्युअल पोटेन्शिओमीटर (थोडक्यात पॉट) असतो, एकाच दांड्यावर दोन कार्बन ट्रॅक, एक डाव्या चॅनेलचा, एक उजव्या. दोन्ही ट्रॅक तंतोतंत सारखे असायला पाहिजेत, स्वस्त पार्टमध्ये ते नसतात. त्यात व्हॉल्यूमसाठी लॉग कर्व्ह लागतो, कारण आपला कान तसाच ऐकतो, आणि स्वस्त पॉटमध्ये तो कर्व्ह खरा नसतोच, वेगवेगळ्या उताराचे सरळ तुकडे जोडून तयार केलेला असतो. नॉब खाली असतो तेव्हा सिग्नल फार दाबलेला असतो, तिथे रेझिस्टन्समधला बारीक फरकसुद्धा डेसिबलमध्ये मोठा होऊन बसतो. अशा पॉटमध्ये दोन चॅनेलमधला दोन-तीन डेसिबलचा फरक बनवणाऱ्याच्या कागदावर चालतो. म्हणजे "स्पेसिफिकेशनमध्ये आहे" हे खोटं नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

दोन डेसिबलने काय होतंय असं म्हणणाऱ्यांनी एक अख्खा ट्रॅक असा मिक्स करून बघावा. उजवीकडे जास्त ऐकू येतंय म्हणून हॅट्स (झांजेचे आवाज) थोड्या डावीकडे नेल्या, पॅडचा (मागे लांबत राहणाऱ्या सुरांचा) स्टीरिओ झुकलेला वाटला म्हणून तोही डावीकडे ओढला, डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) डावीकडे, आणि सकाळी फोनचे इअरफोन लावून ऐकतो तर सगळं गाणं डावीकडे कललेलं. हे माझ्या पॅनिंगचं कर्म नव्हे, नॉबचं आहे.

मग मोजलं. डीएडब्ल्यूमध्ये, म्हणजे म्युझिक बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 1 किलोहर्ट्झची साइन वेव्ह (एकच शुद्ध सूर) लावली, मोनो, उणे 12 डेसिबलवर. हेडफोन आउटमधून वाय केबलने डावी-उजवी वेगळी काढली आणि ती इंटरफेसच्याच इनपुटमध्ये परत आणली. यात एक खाच आहे: डावी बाजू इनपुट एकला आणि उजवी दोनला लावायची नाही, कारण त्या दोन गेनचे (इनपुटचा सिग्नल वाढवणारे) नॉबही आपापसात जुळत नाहीत आणि मग तुम्ही एका गाढवाची उंची दुसऱ्या गाढवाने मोजताय. दोन्ही बाजू आळीपाळीने एकाच इनपुटला, गेनला हात न लावता. नऊच्या जागेवर फरक अडीच डेसिबलच्या आसपास, दहावर दीडच्या खाली, बारावर अर्ध्याहून कमी, दोनच्या पुढे मीटरवर दिसतही नाही. हे सगळे स्क्रीनशॉट सर्व्हिसवाल्यांना पाठवले.

त्यावर पहिलं उत्तर काय, तर ड्रायव्हर परत इन्स्टॉल करा. कार्बनच्या पट्टीला ड्रायव्हर! मग दुसरा यूएसबी पोर्ट वापरून बघा, मग फर्मवेअर, मग व्हिडिओ पाठवा. आता डाव्या-उजव्याचा फरक फोनच्या माइकने व्हिडिओत कसा दाखवायचा ते त्यांनाच माहीत. तोवर नॉबला खरखर पण सुरू झाली होती, फिरवला की चर्र्र, तेवढी व्हिडिओत व्यवस्थित आली, तेव्हा कुठे युनिट मागवलं. ठेवून घेतलं, ठेवून घेतलं, आणि जसंच्या तसं परत पाठवलं, सोबत वर सांगितलेलं वाक्य. खरखर "नॉर्मल वेअर" म्हणे. व्हॉल्यूमचा नॉब फिरवल्याने झिजतो हा शोध मला वॉरंटी असताना ऐकवला गेला.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो, कारण त्यांच्याबद्दल फारशी तक्रार नाही.

लॅपटॉपचा चार्जर लावला की मॉनिटरमधून किणकिण यायची, माउस हलवला, विंडो स्क्रोल केली की तिचा सूर बदलायचा. हा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटांमुळे आवाजात शिरणारी गडबड. यूएसबीचा डेटा ठरलेल्या तालात जातो, फुल स्पीडला 1 मिलिसेकंदाची फ्रेम म्हणजे 1 किलोहर्ट्झ, हाय स्पीडला 125 मायक्रोसेकंदाची म्हणजे 8 किलोहर्ट्झ, दोन्ही सूर कानाला सरळ टोचणारे. साध्या टीएस केबल काढून बॅलन्स्ड टीआरएस (गडबड आपसात रद्द करणाऱ्या तीन तारांच्या) लावल्या आणि किणकिण गेली. लोक यासाठी पॉवर कंडिशनर वगैरे घेत सुटतात, आधी केबल बघा. आणि चार्जरची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं काहीच ऐकू नका.

पाच इंची मॉनिटर ठीक आहेत, पण त्यात सब, म्हणजे अगदी खालचा बेस, शोधू नका. पन्नास-साठ हर्ट्झच्या खाली ते मान टाकतात आणि टेक्नो-हाउसचा किक तर तिथेच राहतो. त्यातून खोली आपला हिशोब वेगळाच लावते. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर साडेतीन मीटर लांब खोलीचा पहिला मोड (खोली स्वतःच घुमते ती फ्रिक्वेन्सी) 49 हर्ट्झला पडतो, म्हणजे बरोबर किकच्या गळ्यावर. एका जागी बसलं तर बेस गायब, खुर्ची थोडी मागे घेतली तर घुमतोय. पातळ फोम भिंतीला चिकटवून याचं काही होत नाही, तो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो, बेससाठी कोपऱ्यात जाड रॉकवूल लागतं. मी सब-बेस हेडफोनवर आणि स्पेक्ट्रम बघून ठरवतो, म्हणूनच हेडफोनच्या नॉबवर एवढा जळतोय. मॉनिटरचा नॉब वेगळा आहे, तिथेही थोडाफार हाच प्रकार, पण त्याला सोपा उपाय आहे: मॉनिटरच्या मागचा गेन कमी करा, म्हणजे पुढचा नॉब आपोआप बाराच्या वर ठेवावा लागतो आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात. फुकट आहे, आजच करा.

मिडी कीबोर्ड स्वस्तातला, कीज खेळण्यासारख्या, पण बोटांनी ठोकायचे पॅड छान. त्याच्या नॉबवरून फिल्टर उघडताना पायऱ्या ऐकू येतात, कारण साधा मिडी कंट्रोल 0 ते 127 एवढ्याच आकड्यांत चालतो, 1983 पासून तसाच. सिंथमध्ये (आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्मूदिंग असेल तर चालवून घेता येतं. सिंथवर मात्र एक पैसा घालवू नका. व्हायटल, सर्ज एक्सटी, डेक्स्ड, तिन्ही फुकट मिळतात आणि माझा बहुतेक आवाज त्यातूनच येतो. बफर (लॅपटॉप एका वेळी किती आवाज तयार करून ठेवतो ते) 128 सॅम्पल, 44.1 किलोहर्ट्झला 2.9 मिलिसेकंद, वाजवताना पुरेसा. मिक्स करताना 512 वर टाकतो, लॅपटॉपचा पंखा जरा शांत होतो.

हां, आणि प्रीअँप, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारा भाग. प्रत्येक रिव्ह्यूमध्ये प्रीअँप किती स्वच्छ, गेन किती, 48 व्होल्ट फँटम पॉवर (माइकला लागणारी वीज), यावर पानंच्या पानं. मी माइक लावतच नाही! सगळं सॉफ्टवेअरमध्ये बनतं, इनपुट रिकामे. ज्या नॉबला रोज हात लागतो त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, आणि ज्याला कधीच हात लागत नाही त्याचे पैसे मी भरलेत. रोलंडची टीबी-303 ही बेस मशीन आठवा, 1980 च्या दशकात बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला काढली, चालली नाही, सेकंडहँड स्वस्तात सुटली आणि शिकागोतल्या पोरांनी तिचे नॉब पिळून पिळून अॅसिड हाउस उभं केलं. नॉब ही किरकोळ गोष्ट नसते हो.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं, मधल्या काळात बरंच बदललं, म्हणून पुढचं.

तिकीट बंदच केलंय म्हटल्यावर मी डबा उघडला. उघडल्यावर वॉरंटी गेली हे माहीत असू द्या. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवला, वाळू दिला. खरखर पूर्ण गेली. डावं-उजवं मात्र तिथल्या तिथेच, ट्रॅकच तसा आहे म्हटल्यावर स्प्रे काय करणार.

मग एका मित्राचे डीटी 770 प्रो हेडफोन हातात आले, 250 ओमवाले (ओम जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला जास्त जोर लागतो). मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय की बजेट इंटरफेसवर 250 ओम घेऊ नका, आवाज पुरत नाही. ते मत आता बदललंय. माझे हेडफोन कमी ओमचे आहेत, जरा नॉब हलवला की किंचाळतात, म्हणून तो कायम नऊवर. हे 250 वाले लावले तर तेवढ्याच आवाजासाठी नॉब दीड-दोनपर्यंत न्यावा लागतो, आणि तिथे दोन्ही ट्रॅक गुपचूप जुळलेले असतात. किक मधे. हेडफोनला ताकद कमी पडतेय हाच इथे फायदा झाला. फार मोठ्याने ऐकणाऱ्यांसाठी नाही, पण हळू ऐकणाऱ्यांनी 80 किंवा 250 चा विचार जरूर करा, निदान उसने आणून बघा.

नवे हेडफोन घ्यायचे नसतील तर दुसरा मार्ग, आणि सध्या मी यावरच आहे. इंटरफेसचा नॉब दोनवर ठेवून टाकायचा आणि आवाज सॉफ्टवेअरमध्ये कमी करायचा. माझ्या डीएडब्ल्यूत, रीपरमध्ये, मॉनिटरिंग एफएक्स म्हणून वेगळी चेन असते, तिथे टाकलेलं काही रेंडरमध्ये, म्हणजे तयार गाण्याच्या फाइलमध्ये, जात नाही. तिथे गेनचं प्लगइन उणे 15 ते 20 वर. क्वालिटी जाईल म्हणून घाबरू नका, 24 बिटमध्ये एक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबल, 20 डेसिबल कमी केले तर तीन-साडेतीन बिट गेले, उरले ते भरपूर आहेत. धोका वेगळाच आहे. हे प्लगइन फक्त रीपरच्या आवाजाला लागतं. ब्राउझरमध्ये एखादी जाहिरात वाजली तर ती दोनच्या नॉबने पूर्ण ताकदीत कानात येते, मी अक्षरशः हेडफोन फेकलेत. त्यामुळे सिस्टिमचा व्हॉल्यूम आधी तळाला आणायचा, आणि त्याने ब्राउझर खरंच दबतोय ना हे हेडफोन गळ्यात असतानाच बघून घ्यायचं.

पुढचा इंटरफेस घेताना मी एकच गोष्ट बघणार: व्हॉल्यूमचा नॉब डिजिटल एन्कोडर आहे का, म्हणजे गोल गोल फिरत राहणारा, दोन्ही टोकांना न अडणारा. तसा असला तर बहुतेक वेळा व्हॉल्यूम आकड्याने ठरतो आणि दोन्ही बाजूंना तोच आकडा लागतो. प्रीअँप कसेही चालतील. हा आत्ताचा विकायला काढतोय, जाहिरातीत डाव्या-उजव्याचं आणि डबा उघडल्याचं स्पष्ट लिहिलंय, आणि खाली हेही: दोन्ही प्रीअँप जवळजवळ कोरे, एकातून फक्त साइन वेव्ह गेलीय.