घरात मराठी की इंग्रजी? अमेरिकेत मूल वाढवताना

मूल तिकडच्या बालवाडीत जाऊ लागलं की मराठी घरांत प्रश्न निघतोच: आता घरीही इंग्रजीच बोलायचं का? प्रश्न घरचा वाटतो, पण एकजूट टिकवायची की वेगळेपण जपायचं, यावर अमेरिका शंभर वर्षांहून जास्त काळ भांडते आहे.

एक वाट विरघळून जाण्याची. 'मेल्टिंग पॉट', म्हणजे सगळ्यांना वितळवून एक करणारं भांडं, हा शब्द १९०८ च्या एका नाटकाने घरोघरी नेला. हेन्री फोर्डच्या कारखान्याने कामगारांसाठी काढलेल्या इंग्रजी शाळेच्या समारंभात तर मायदेशाच्या कपड्यांतले कामगार भल्यामोठ्या भांड्यात उतरायचे आणि अमेरिकी कपड्यांत, हातात झेंडे घेऊन बाहेर यायचे. या वाटेचा फायदा खरा आहे. भाषा लवकर येते, मूल वर्गात एकटं पडत नाही, आणि इतक्या देशांतून आलेल्या माणसांना आपसांत बोलायला एक भाषा लागतेच. पण नुसती आपली तयारी असून भागत नाही, समोरच्यानेही आत घ्यावं लागतं. पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्वाला नकार दिला.

दुसरी वाट होरेस कॅलन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९१५ मध्ये मांडली: देश म्हणजे वाद्यवृंद, प्रत्येक समाजाचं वाद्य वेगळं. मला ही कल्पना जवळची वाटते, पण तिच्यातही खोट आहे. कृष्णवर्णीयांना कॅलनच्या वाद्यवृंदात जागाच नव्हती. शिवाय जो तो आपल्याच लोकांत राहिला तर सूर जुळायचे कसे?

थिंद यांना नकार मिळाला त्याच वर्षी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला, आणि माझं मत त्यावर ठरलं. महायुद्धात जर्मन भाषेबद्दल राग पेटला होता. नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवी पूर्ण होण्याआधी परदेशी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. रॉबर्ट मेयर हे शिक्षक मधल्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन वाचून घेत होते, म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. न्यायालयाने तो रद्द केला. पुढे १९४३ मध्ये, शाळेत झेंड्याला सलाम आणि प्रतिज्ञा सक्तीने करून घेता येणार नाही, असंही ठरलं. मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली. पण तुमच्या स्वयंपाकघरात काय बोलायचं, हे तो आदेश ठरवत नाही.

म्हणून मूल लहान असेल तर मी बेधडक सांगेन, घरात मराठीच. इंग्रजी शाळेत, मैदानात आपसूक येते. आजीने व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का रे?' विचारलं की त्याला उत्तर देता आलं पाहिजे. ते मात्र शाळा शिकवणार नाही. मूल बारा-तेरा वर्षांचं असताना तिकडे गेला असाल, तर पहिलं वर्ष इंग्रजीवर जोर द्या. त्याची मराठी तोवर पक्की झालेली असते, आणि त्या वयात वर्गात गप्प बसून राहणं फार जड जातं.